शून्य असल्यास भाग ब

"हा तेवीस नंबर तुमचा कोणी लागतो का?" आकडेवाल्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पुड्यातलं बिस्किट उचलत होतो. उचललेलं बिस्किट परत ठेवावं की खावं, हे मला ठरवता येईना, म्हणून ते हातात धरून मी नुसता उभा राहिलो. आकडेवाले म्हणजे आमच्या विभागातले संख्याशास्त्राचे गृहस्थ. विभागातला प्रत्येक प्रबंध छापायला जाण्याआधी त्यांच्या खोलीतून जातो, आणि बहुतेक प्रबंध तिथून रडत बाहेर येतात. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या अभ्यासातल्या तीस माणसांच्या फोनची सरासरी लांबी तिथे उभ्या दांड्यांनी दाखवली होती. एकोणतीस दांड्या गवतासारख्या, दहा-अकरा मिनिटांच्या. मध्येच एक ताड. "सतरा फेऱ्या. दर फेरीला सरासरी सत्तेचाळीस मिनिटं," आकडेवाले म्हणाले. "माझं लग्न याहून कमी वेळात उरकलं होतं." मी म्हणालो, कोणी लागत नाहीत. "लागत असेल तर आत्ताच सांगा. नातेवाईक निघाला तर काढावा लागेल, नियम आहे." मी म्हणालो, काढला तर एकोणतीस होतात. "ते मला कळतं. मोजण्याचाच पगार घेतो मी," ते म्हणाले, आणि मग पडद्याकडे बघतच, "खा ते बिस्किट. ओलं झालं." बघितलं तर खरंच ओलं झालं होतं. हाताला घाम आला होता. मला वाटतं त्या दिवशी जे काही सुरू झालं ते तिथून सुरू झालं. मात्र बिस्किट ओलं होणं ही घटना म्हणून कुठल्याही रकान्यात बसत नाही.

माझा प्रबंध तुरुंगातून सुटलेल्या माणसांबद्दल आहे. सुटल्यावर ती कोणाशी बोलतात, किती बोलतात, आणि बोलत नसतील तर काय होतं, हे मी सहा वर्षं शोधतो आहे. ताई याला 'तुझा तो कैद्यांचा कोर्स' म्हणते. मी एकदा तिला सांगितलं की कोर्स नाही ताई, संशोधन आहे. ती म्हणाली, "अरे पण शिक्षा तरी किती वर्षांची? चांगल्या वर्तणुकीबद्दल काही सूट मिळते की नाही?" तर अभ्यासाची रीत अशी: चाळीस माणसं घेतली, त्यांना एक ते चाळीस असे नंबर दिले आणि नावांची यादी मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंनी, आपल्या कपाटात कुलूपबंद केली. मला नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, गुन्हा माहीत नाही. फोन यंत्र लावतं, फोनचा नंबरसुद्धा पडद्यावर येत नाही. दर महिन्याला एकदा प्रत्येकाला तेच नऊ प्रश्न विचारायचे, अशा अठरा फेऱ्या. चाळीसांतले दहा गळले. कोणी फोन उचलेना, कोणी पुन्हा आत गेला, एकाने आपल्या भाचीसाठी मला लग्नाचं विचारलं आणि नाही म्हटल्यावर दुखावला. तीसच्या खाली गेलं तर विद्यापीठ प्रबंध घेत नाही. मी बरोबर तिसांवर उभा होतो.

नववा प्रश्न महत्त्वाचा. 'गेल्या सात दिवसांत आपण कोणाकोणाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बोललात?' उत्तर एक किंवा जास्त आलं तर पडद्यावर येतं, 'आभार माना.' उत्तर शून्य आलं तर येतं, 'भाग ब कडे जा.' भाग ब मध्ये वीस मोकळे प्रश्न आहेत. सकाळी उठल्यावर पहिला आवाज कोणता ऐकता, जेवताना समोर कोण असतं, आजारी पडलात तर कोणाला कळेल, असे. ते मी चौथ्या वर्षी एका दुपारी खोलीवर बसून एका दमात लिहिले होते. मॅडम वाचून म्हणाल्या होत्या, "फार आतून आलेत. कुठून सुचले?" मी म्हणालो, वाचनातून.

फोन करायची खोली विभागाच्या टोकाला आहे. पूर्वी तिथे जुन्या उत्तरपत्रिका ठेवत. त्या गेल्या पण त्यांचा वास राहिला, नापास झाल्यासारखा. आत एक खुर्ची, यंत्र, कानाला लावायचं ते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पळणारी सेकंदं. भिंतीवर मॅडमच्या अक्षरात एक चिठ्ठी: 'सहानुभूती दाखवू नये. हं म्हणावे. फार तर: अजून काही? म्हणजे कसं?' सहा वर्षांत मी या तीन गोष्टींत इतका तयार झालो की रविवारी ताईचा फोन आला तरी त्यांवरच भागतं. ताई विचारते जेवलास का, झोपतोस का, केस कापलेस का, नेहमी याच क्रमाने, आणि मी हं म्हणतो. मग ती सांगते, शेजारणीने भिंतीला भोक पाडलं. मी म्हणतो, म्हणजे कसं? ती खूश होते. मग ती फोन बाबांकडे देते. बाबा पस्तीस वर्षं कोर्टात निकालपत्रं टाइप करत. साहेब सांगणार, बाबा बडवणार. 'आरोपीस सश्रम कारावास', मूळ प्रत आणि खाली चार कार्बन. दिवसभर इतके शब्द त्यांच्या बोटांतून जात की घरी येताना एकही उरत नसे. ते हात धुवायचे, बसायचे, आणि मांडीवर बोटं हलत राहायची. लहानपणी मला वाटे, ते गुपचूप कोणाला तरी पत्र लिहितात. मी त्यांच्या मांडीकडे बघत अक्षरं ओळखायचा प्रयत्न करत असे, एकदा मला अगदी नक्की वाटलं होतं की त्यांनी माझं नाव लिहिलं. तर बाबांचा आणि माझा फोन सरासरी एक मिनिट चाळीस सेकंदांचा असतो. हे मला माहीत आहे, कारण मी मोजलं आहे. आकडेवाल्यांकडून लागलेली सवय. "बरं आहे ना?" "हो. तुमचं?" "बरं." मग उरलेलं सव्वा मिनिट आम्ही दोघं एकमेकांचा श्वास ऐकतो. बाबांनी टाइप केलेल्या काही निकालांतली माणसं आता माझ्या यादीत असतील. बाबांनी आत टाइप केलं, मी बाहेर टाइप करतो. कौटुंबिक धंदाच म्हणायचा.

तेवीस. पहिल्या फेरीत त्यांनी नवव्या प्रश्नाला 'दोन' असं उत्तर दिलं होतं. दुसऱ्या फेरीपासून शून्य. सलग सोळा शून्यं. ते एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईत काम करतात, सकाळी आठ ते चार, आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पाच वाजता माझा फोन घेतात. आवाज जाड, मध्येच खरवडल्यासारखा, आणि गोष्ट सांगताना वाक्याच्या शेवटी हळू होणारा, म्हणजे माणसाला कान पुढे न्यावा लागतो. भाग ब मध्ये प्रश्न अकरा, 'कामाचे स्वरूप सांगा', यावर ते एकदा पंचवीस मिनिटं बोलले होते. उशांच्या खोळींत काय काय येतं: चष्मे, पेनं, एकदा खालच्या दातांची कवळी, ती कोणाची हे शोधायला एक नर्स वॉर्डभर सगळ्यांना 'आ करा' म्हणत फिरली, आणि ती निघाली एका डॉक्टरची. चादर यंत्रातून गरम येते, ती थंड व्हायच्या आत घडी घालावी लागते, नाहीतर घडी ऐकत नाही. "आणि समोरचा असा आहे ना मास्तर, झोपेत घडी घालतो. घोरत. पण टोकाला टोक बरोब्बर लावतो." मला ते मास्तर म्हणत. मी हसू दाबत हं म्हणालो आणि ते सगळं 'कामाचे स्वरूप' या रकान्यात टाइप केलं. प्रश्न चौदा, 'जेवताना समोर कोण असतं?' यावर ते एवढंच म्हणाले, "भिंत." या एका शब्दावर माझं चौथं प्रकरण उभं आहे. प्रकरणाचं नावच 'भिंत'. मॅडमनी त्यावरून एक टिपण केलं आणि सरकारच्या एका समितीपुढे वाचलं: सुटलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा बोलायला एक स्वयंसेवक द्यावा. सोळा महिने कोणाशी दहा मिनिटं न बोललेला माणूस, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा एका सभासद बाईंनी डोळे टिपले. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सभासदांनी हात वर करून विचारलं, "मग हे त्यांनी कोणाला सांगितलं?" कोणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "संशोधकाला. संशोधक धरायचा नसतो." आणि मी, धरायचा नसलेला, कोपऱ्यात दिवे लावायच्या बटणांपाशी उभा होतो.

आकडेवाल्यांच्या खोलीतून निघालो तो चालतच खोलीवर आलो. एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर माझी खोली आहे. दिवसभर खालून यंत्राचा बारीक किरकिरता आवाज येतो आणि माझी दाढ कारण नसताना सावध होते. जिना चढताना मी सहज म्हणून नववा प्रश्न स्वतःला विचारला. सात दिवस, दहा मिनिटं. मॅडम: सहा मिनिटं, त्यातली दोन त्यांनी फोनवर दुसऱ्याशी. ताई: आठ. दंतवैद्य: वीस मिनिटं, पण तेव्हा माझं तोंड त्यांच्या ताब्यात होतं. ते एकटेच बोलत होते, भाच्याच्या साखरपुड्यापासून शेअरबाजारापर्यंत, आणि मी गुळण्या करत होतो. याला संभाषण धरायचं का, याबद्दल आमच्या शास्त्रात मतभेद होऊ शकतात. वाण्याशी चाळीस सेकंद. लिफ्टमध्ये एका बाईंशी, "तिसरा?" "हो." मी पायरीवर थांबलो. पडद्यावर येतं तसं अगदी स्वच्छ माझ्या डोळ्यांपुढे आलं, भाग ब कडे जा. आणि मी गेलो. सकाळी उठल्यावर पहिला आवाज: दाढेचं यंत्र. आजारी पडलात तर कोणाला कळेल: इथे मला बराच वेळ लागला. शेवटी उत्तर आलं, आकडेवाल्यांना, कारण पहिल्या गुरुवारचा रकाना रिकामा दिसेल. मग मला एकदम त्या सत्तेचाळीस मिनिटांची आठवण झाली आणि छातीत काहीतरी ऊब आल्यासारखं झालं. त्या उबेची मला लाज वाटली. कुठल्याशा कोर्टाने अकरा वर्षं आत टाकलेला, जगात कोणी नसलेला एक माणूस महिनाभर एका फोनची वाट बघतो, आणि ती वाट बघण्याची गोष्ट मला गोड वाटते. पुढचा गुरुवार अठरावा होता. शेवटचा. शेवटच्या फेरीनंतर अभ्यासातल्या माणसाशी संपर्क ठेवायचा नाही, अशी सही मी नीतिसमितीच्या कागदावर सहा ठिकाणी केलेली आहे. मला काळजी वाटू लागली, हा माणूस आता काय करील? मी जेवायला बसलो, माझ्याही समोर भिंत होती, आणि मी तेवीसांची काळजी करत जेवलो. तेवढीच सोबत.

गुरुवारी पाचला यंत्राने फोन लावला. आठ प्रश्न झाले. नववा विचारायच्या आधी मी नियमाबाहेरचं एक वाक्य बोललो. म्हणालो, "ही शेवटची फेरी आहे." मग ते म्हणाले, "म्हणजे पुढच्या महिन्यात नाही?" मी म्हणालो, नाही. "तुमचं पुस्तक झालं?" जवळजवळ, मी म्हणालो. "मग लग्नबिग्न करणार का आता?" मी म्हणालो हं, म्हणजे हो नव्हे, चिठ्ठीतला हं. मग मी नववा प्रश्न विचारला. बोट शून्यावर ठेवलेलंच होतं, सोळा महिन्यांची सवय. आणि तेवीस म्हणाले, "मास्तर, आता शेवटचंच आहे तर खरं सांगू का?"

माझं बोट तिथेच राहिलं.

"चार जण," ते म्हणाले. "म्हणजे नेहमीचे चार. वर एखादा सटरफटर. बहीण, तिच्याकडेच राहतो मी. तिचा नवरा, रोज पत्त्यांत हरतो आणि पत्त्यांनाच शिव्या घालतो. तो समोरचा, चादरवाला. आणि शेजारी एक बाई आहेत, त्या नका लिहू." थोडं थांबून, "लिहा. आता काय." मी विचारलं, "म्हणजे कसं?" हे चिठ्ठीतलं नव्हतं, पण शब्द तेच होते. ते हसले. "अहो, पहिल्या वेळी मी दोन म्हणालो. लगेच तुम्ही म्हणालात, आपले आभारी आहोत. असं म्हणालात, की मला वाटलं तुमच्याकडे कोणी गेलंय. पुढच्या महिन्यात मला ताप होता, खरंच कोणाशी बोललो नव्हतो, म्हटलं कोणी नाही. तर तुमचे वीस प्रश्न निघाले. आवाज पण निघाला. तेव्हाच ध्यानात आलं, याला कोणी नाही म्हटलं की दुकान उघडतं." मी म्हणालो, "पण तुम्ही म्हणालात, जेवताना समोर भिंत असते." "असतेच की! बहिणीचं घर केवढंसं, सगळेच भिंतीकडे तोंड करून बसतो. तुम्ही समोरचं विचारलंत, शेजारचं कुठे विचारलंत?" सेकंदं पळत होती. मी म्हणालो, "पण का?" आणि ते एकदम गंभीर झाले, वाक्याच्या शेवटी आवाज हळू झाला, मी कान पुढे नेला. "अकरा वर्षं आत होतो मास्तर. माणूस भिंतीशी बोलतोय का माणसाशी, हे नुसतं ऐकून कळतं. तुम्हाला फोन ठेवायचा नसायचा. मग मीही नाही ठेवला. महिन्यातून एकदा, त्यात काय मोठंसं. बहीण म्हणायची, कोणाचा फोन? मी म्हणायचो, आहे एक मुलगा, एकटाच असतो."

मी उत्तरपत्रिकांच्या वासात बसलो होतो. भिंतीवर चिठ्ठी होती, सहानुभूती दाखवू नये. ती मला उद्देशून आहे अशी माझी समजूत होती. तेवीसांना कोणी ती दाखवलीच नव्हती. मला आठवत गेलं एकेक. नवव्या महिन्यात मी सर्दीने बेजार होतो, तेव्हा त्यांनी प्रश्न सहाचं उत्तर देता देता आलं कसं उकळावं हे सविस्तर सांगितलं होतं आणि मी ते 'आरोग्यविषयक वर्तन' म्हणून नोंदलं होतं. बाराव्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या घरी कोण कोण?" आणि मी सांगितलं होतं, बाबांच्या बोटांचंसुद्धा सांगितलं होतं, आणि मग नियम आठवून तेवढा भाग पुसला होता. म्हणजे सोळा महिने एक माणूस महिन्यातून एकदा एका एकट्या माणसाला फोनवर सोबत करत होता. योजना बरोबर होती. समितीपुढे मांडली तशीच. फक्त आम्ही स्वयंसेवक कोण आणि लाभार्थी कोण, हे उलट नोंदलं होतं.

"लिहा शून्य," तेवीस म्हणाले. त्यांना माझ्या गप्प बसण्यावरून काहीतरी कळलं असावं. "तुमचं पुस्तक अडायला नको. मी कोणाला सांगतोय? मला तर कोणीच नाही." आणि स्वतःच्या विनोदावर ते मोठ्याने हसले, आणि मागून एका बाईचा आवाज आला, "काय झालं रे?" तो आवाज सोळा महिन्यांत मी कधी ऐकला नव्हता. ती बहीण बहुधा दर वेळी श्वास रोखून बसत असावी. माझं बोट शून्यावरच होतं. दाबलं असतं तर तीस राहिले असते, 'भिंत' उभी राहिली असती, जूनमध्ये मी डॉक्टर झालो असतो, आणि शिवाय, हे मला सगळ्यात जास्त जाणवलं, पडद्यावर भाग ब उघडला असता. अजून वीस प्रश्न. अजून पस्तीस मिनिटं. ते बोलले असते, त्यांना आवडलंही असतं. मला दिसत होतं ते, वाढून ठेवलेल्या ताटासारखं. पण मग प्रश्न चौदा आला असता आणि मी विचारलं असतं जेवताना समोर कोण असतं, आणि त्यांनी माझ्यासाठी, माझ्याकडे बघून, म्हणजे बघितल्यासारखं, भिंत म्हटलं असतं. ते मला ऐकवलं नसतं.

मी चार दाबलं. पडद्यावर आलं, आभार माना. मी मानले. मग शेवटच्या फेरीचं छापील वाक्य वाचलं, "यापुढे आमच्याकडून आपल्याशी संपर्क केला जाणार नाही." तेवीस म्हणाले, "आमच्याकडून म्हणजे? तुमच्याकडून का पुस्तकाकडून?" मी म्हणालो, "वाक्य असंच आहे." "बरं," ते म्हणाले. "वाक्य चांगलं आहे." आणि यंत्राने फोन तोडला, कारण 'आभार माना'नंतर ते वीस सेकंदच देतं. नऊ मिनिटं अकरा सेकंद. गवतातली दांडी.

मॅडमना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "लोक खोटं बोलतात, हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतो." मी म्हणालो, "खोटं नव्हतं मॅडम. ते मला सोबत करत होते." मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे 'अभ्यासाच्या मर्यादा' या भागात घाला," त्या म्हणाल्या. "दोन वाक्यांत." मग समितीला पत्र लिहायला घेतलं, टिपण मागे घेत आहोत म्हणून. तेवीसांच्या अठराही फेऱ्या काढल्या, नंबर यंत्रातून पुसला. चौथं प्रकरण गेलं. नवा तिसावा माणूस शोधायचा, त्याच्या अठरा फेऱ्या, म्हणजे दीड वर्ष, जून कुठल्या कुठे. मी दाराशी पोचलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हणालो, "हं." आणि त्या म्हणाल्या, "अजून काही?" आम्ही दोघंही एक क्षण थबकलो. मग मी दार लावून घेतलं. रविवारी ताईने विचारलं, शिक्षा वाढली का रे? मी म्हणालो, वाढली. तिने फोन बाबांकडे दिला. एक मिनिट बावन्न. बारा सेकंदांची सुधारणा, पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

पुढच्या पहिल्या गुरुवारी माझ्याकडे पाच वाजता काहीच नव्हतं. फोनची खोली रिकामी होती. मी चार वाजायच्या आधीच बाहेर पडलो, ठरवून नव्हे. शहरात स्वतःची धुलाई असलेलं रुग्णालय एकच आहे, आणि त्याचं मागचं दार टायरच्या दुकानासमोर उघडतं हे मला प्रश्न अकरामुळे माहीत होतं. मी टायरपाशी उभा राहिलो. चारला भोंगा झाला आणि माणसं बाहेर येऊ लागली, निळे कपडे, ओले हात, पिशव्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सहा वर्षं समाजशास्त्र शिकलेला मी एका अशा माणसाला भेटायला आलो आहे ज्याचं तोंड मी पाहिलेलं नाही आणि नाव मला माहीत नाही. हाक कशी मारणार? तेवीस, म्हणून? तुरुंगात मारत असतील तशी? माझ्याकडे फक्त आवाज होता. मग मी जे करता आलं ते केलं. जो येईल त्याला विचारू लागलो, किती वाजले? "चार पाच." हा नव्हे. "चार सहा." बारीक आवाज. "समोर एवढं घड्याळ लावलंय की." नव्हे. एका बाईंनाही विचारलं, गडबडीत. एकाने हातानेच दाखवलं, चार बोटं, आणि पुढे गेला. तो तेवीस असेल तर गेला, असं वाटून मी त्याच्या मागे दहा पावलं गेलो आणि परत विचारलं, तर म्हणाला, "आत्ताच सांगितलं ना राव!" नव्हे. आणि मला भीतीही वाटत होती. अकरा वर्षं कशाबद्दल, हे मी कधी विचारलं नव्हतं. सापडला तर काय म्हणायचं, हेही ठरलेलं नव्हतं. गर्दी विरळ झाली. शेवटी चार-पाच जण एकत्र आले, एकमेकांना ढकलत, हसत. त्यांच्यात एक बुटके, मोठ्या कानांचे, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ होते. मनात मी त्यांना उंच केलं होतं. मी सवयीने विचारलं, किती वाजले? "चार सतरा," ते चालता चालता म्हणाले, आणि शेवटचा शब्द हळू झाला.

मी हात अर्धवट वर केला. ते पुढे गेले. टोळकं कोपऱ्यावर पोचलं. मग त्यांनी बाकीच्यांना हाताने व्हा पुढे असं केलं आणि परत आले, सावकाश, माझ्याकडे न बघता, दुकानातला एखादा टायर पसंत करायला आल्यासारखे. माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांच्या अंगाला गरम कपड्यांचा वास होता.

"पुढचा प्रश्न?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "तुम्हाला घरी जायची घाई आहे का?"

"आहे," ते म्हणाले, आणि हातातली पिशवी खाली ठेवली.